ऑपरेशननंतर गाठ परत येईल का?

प्रश्न : वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. हिपॅटायटिस बी होता, यकृताची कॅन्सरची गाठ काढली. एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन) ८५० वरून ६ वर आलं. अशोक चौकातले शेजारी म्हणतात, जनुकीय तपासणी केली की कॅन्सर परत येणार का ते कळतं. करावी का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एएफपी उतरलं, फार बरं झालं! त्यांच्या गाठीत ते वाढलं होतं, म्हणून पुढेही ते उपयोगी पडेल; अनेकांत ते वाढतच नाही. सोबत पिव्हका-टू ही अशीच दुसरी रक्ततपासणी करता येते, पण रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर त्या गोळीनेही पिव्हका-टू वाढतं, म्हणून गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगा.

मी मात्र आधी काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा कागद मागते. त्यात 'मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' आहे का पाहा. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या असतील तर धोका जास्त. शेजारी म्हणतात तशी, रक्तातला गाठीचा डीएनए शोधणारी जनुकीय तपासणी आशादायक आहे, पण त्यावरून उपचार ठरवण्याइतकी ती अजून पक्की नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ पुन्हा दिसते. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी एमआरआय किंवा सीटी कराच. हिपॅटायटिसची गोळी मनाने बंद करू नका; उरलेलं यकृत तिच्यावरच सांभाळायचं आहे.