आधी गिऱ्हाईक दाखव

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. प्राचार्यांनी उद्योजकता कक्षाची समन्वयक म्हणून तुझं नाव परस्पर टाकलं आणि तू विचारतेस, "सर, मी मराठीची, मला धंद्यातलं काय कळतं?" अगं, वाणिज्य विभागातल्यांना तरी कुठे कळतं? ताळेबंद शिकवला असेल, उधारी वसूल केलीय का कधी? मी वनस्पतिशास्त्राचा. ही लाज आधी सोड.

लागतं ते गिऱ्हाईक. खिशात हात घालणारं, घासाघीस करणारं, माल परत आणणारं. ते मुलांसमोर उभं कर, निम्मं शिकवणं तेच करेल. 'बिझनेस प्लॅन स्पर्धा' घ्यायचं ठरतंय म्हणतेस. घेऊ नकोस. परीक्षकांपैकी एकही जण त्या मुलांकडून दहा रुपयांची वस्तू घेणार नसतो. अहवालात फोटो लागतो, एवढाच त्या स्पर्धेचा उपयोग.

तुझ्याच विषयातलं सांगतो. मराठीच्या एका मुलाने गावातल्या छापखान्याकडून दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन घेतलं, पानामागे दर ठरवून. मालकाने सुटलेली प्रत्येक चूक लाल पेनने गोल केली आणि तेवढे पैसे कापले. पोरगा तणतणत माझ्याकडे आला. मी म्हटलं, भांडू नकोस, पुढच्या वर्षीचा अंक माग. मिळाला, आणि दरही वाढवून मिळाला. तीन वर्षं तासाला बसून न आलेलं ऱ्हस्वदीर्घ त्या लाल गोलांनी आलं. इतिहासाची मुलं किल्ल्यावर पर्यटक फिरवतील, रसायनाची साबण करतील. पण कोण विकत घेणार ते आधी दाखवा, मग काय ते शिकवा.

आमच्या देशी झाडांच्या रोपवाटिकेवरून स्टाफरूममध्ये बोलायचे, "सरांनी कॉलेजात दुकान मांडलंय." म्हणोत. त्या रोपांवर पोरांनी फिया भरल्या. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव काही काळ ओगले काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल विकत हिंडले होते. लोखंडी नांगर बनवून विकणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तर आधी तुझ्या-माझ्यासारखे मास्तरच, मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी त्यांना सांगायचे. त्यांची समजूत काढायला शेताच्या बांधावरच जावं लागतं, सभागृहात ते होत नाही. ही माणसं दुकानदार असतील तर मलाही दुकानदार म्हणा.

आता तुझ्या हक्काचं. फुकट राबू नकोस. आठवड्याचे किती तास या कामाचे धरणार, ते लेखी आदेशात घे. माझी खंत तीच आहे. निवृत्तीपर्यंत भांडलो, पण आमच्या कॉलेजने हे तास वर्कलोडमध्ये धरले नाहीत, आणि माझ्याबरोबरचे दोन चांगले शिक्षक त्यापायी गळाले. 2019 च्या राष्ट्रीय इनोव्हेशन अँड स्टार्टअप धोरणात प्राध्यापकाने स्वतःचा उपक्रम काढण्याची, त्यासाठी रजा घेण्याचीही सोय आहे. तुमच्या संस्थेने ते धोरण स्वीकारलंय का, हे कार्यालयात विचार. बहुतेक फायलीत पडून असेल. आणि विक्रीचा पैसा मुलांच्याच नावावर राहू दे, पावतीपुस्तकासकट. कॉलेजच्या खात्यात गेलेला पैसा बाहेर काढताना चपला झिजतात.

इतर विभागांच्या प्राध्यापकांना कसं जोडू, असंही विचारलंयस. कार्यशाळा भरवून जोडू नकोस. चहा-बिस्किटं होतील, प्रमाणपत्रं वाटली जातील आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या तासाला. एकेकाला बाजाराच्या दिवशी बरोबर ने. भूगोलवाल्या सरांना भाजीच्या ठेल्यामागे दोन तास उभं कर. नाक मुरडतील, मुरडू दे. गिऱ्हाईक त्यांनीही बघितलेलं नाही.

प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मला आधी पाठव. तासांचा आकडा कमी लिहिलास तर परत करीन.

तुझा,
सर