माउंट वॉशिंग्टनच्या वाऱ्यात पहिल्यांदा उभं राहताना

अरे, इंदूरहून थेट अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरच्या हवामान वेधशाळेचा हिवाळा अनुभवायला निघालास, छान! जानेवारीत इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या माथ्यावर टोपी उडते, एवढाच आपला सराव. शिखर फक्त १९१७ मीटर, पण १२ एप्रिल १९३४ ला तिथे ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेलाय. उंची बघून फसू नकोस.

आधी एक गणित डोक्यात ठेव: वाऱ्याचा वेग दुप्पट, तर धक्का चौपट. ताशी ५० ला हसत उभा राहशील, १०० ला वाकून चालशील. आणि पडशील कधी, तर वारा थांबल्यावर! आपण त्याच्यावर रेललेले असतो, झोत अचानक तुटतो आणि नाक थेट बर्फात. माझं झालंय. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून उभा राहा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सुती बनियन. घामाने भिजलं की वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचं घाल.
- फोटोसाठी हातमोजे काढणं. दोरीने मनगटाला बांध; माझा एक सुटला तो दिसलाच नाही परत.
- नुसता चष्मा. बर्फाचे कण वाळूसारखे टोचतात, बंद गॉगल हवाच.
- वर पोचायचा हट्ट. परतायची वेळ खालीच ठरव.

वेग मोजणारी पिटो नळी तापवत का ठेवतात, ते परतलास की इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाताना सांगेन.