गावात राहून सेंद्रिय भाजी मिळत नाही: यादीच्या मागे लागू नका

तुमची पोस्ट वाचली. शहर सोडून गावाकडे राहायला आलात, खिडकीतून शेतं दिसतात, तरी सेंद्रिय भाजीसाठी गाडी काढून शहरातल्याच दुकानात जावं लागतं. गावच्या बाजारात विचारलं तर विक्रेता हसतो. अगदी हेच मी भोगलंय. इंटरनेटवर शोधणं, बाजारात विचारणं हे तुमचं करून झालेलं दिसतंय, म्हणून ते सोडते आणि माझा सगळ्यात जास्त वेळ जिथे वाया गेला तिथून सुरुवात करते.

तो वेळ खाल्ला एका कार्यालयाने. नाव घेत नाही. शेतीची माहिती लोकांना देणं हेच त्यांचं काम. तिथून मला प्रमाणित सेंद्रिय उत्पादकांची यादी मिळाली. बरेचसे फोन बंद. जे लागले त्यातले बहुतेक म्हणाले, आम्ही किरकोळ विकत नाही, विकलं तर त्याला प्रमाणित म्हणता येत नाही. आधी वाटलं, टाळताहेत. खरं कारण फार उशिरा कळलं, तेही एका शेतकऱ्याकडून. एकट्यादुकट्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून ते गटाने घेतात. मग प्रमाणपत्र गटाच्या नावावर असतं, सभासदाच्या नाही. गटाबाहेर स्वतंत्रपणे विकलेल्या मालावर सभासदाला ते वापरता येत नाही. सगळा माल एका ठिकाणी गोळा होतो आणि भाव असेल तिकडे ट्रकने निघून जातो. म्हणजे यादी खोटी नव्हती, पण ती घाऊक खरेदीदाराच्या कामाची होती. पिशवी घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारखीच्या हातात ती का दिली, हे मला आजही कळलेलं नाही.

परत जाऊन विचारलं तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "यादीत नाही म्हणजे सेंद्रिय नाही." या वाक्यापायी एक अख्खा हंगाम गेला. कारण रासायनिक खत आणि फवारणी बंद करून बरीच वर्षं झालेली दोन-तीन घरं आमच्याच रस्त्यावर होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, पण वळसा घालायला लावला तो त्यांनी. कायद्याच्या अंगाने त्यांचं अर्धं बरोबर होतं, हेही सांगते. बऱ्याच देशांत प्रमाणपत्राशिवाय मालावर 'सेंद्रिय' असं लिहिता येत नाही. पण लिहिता येत नाही आणि तसं पिकवलेलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्या खुर्चीने सांगायला हवं होतं.

तर माझं मत (मी तज्ज्ञ नाही, तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात): कागद नंतर बघा, आधी माणूस शोधा. आणि त्याला "सेंद्रिय आहे का?" असं विचारू नका, त्याला 'हो' म्हणणं फार सोपं जातं. या जमिनीत गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय घातलं, ते विचारा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगाच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारणपणे पेरणीआधी किमान 2 वर्षं, आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीआधी किमान 3 वर्षं जमीन सेंद्रिय पद्धतीखाली असावी लागते. या मधल्या काळात शेतकऱ्याचं उत्पन्न बहुधा घटतं आणि मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. असा कोणी सापडला तर मी त्याच्याकडून आधी घेईन.

दुसरा प्रश्न, शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने इकडे येऊ नये म्हणून बांधावर काय केलंय? आणि तिसरा, कीड पडली तर काय वापरता? "काहीच नाही" असं झटकन उत्तर आलं तर मी उलट सावध होते. सेंद्रिय शेतीत फवारणी वर्ज्य नाही. कडुनिंबाचे अर्क, बीटी जिवाणू (किडीच्या अळ्या मारणारे), मर्यादित प्रमाणात तांब्याची संयुगं हे अनेक ठिकाणच्या नियमांत चालतं. जो नाव घेऊन सांगतो, तो खरा वाटतो. "शेत बघायला येऊ का?" यावर चेहरा कसा होतो, तेही बघा.

शेतकरी बाजार असं नाव लावलं की सगळे विक्रेते शेतकरी होत नाहीत. एकाच टेबलावर बारा महिने सगळ्या भाज्या, सगळ्या एकाच मापाच्या, तर तो माल घाऊक मंडईतून आलाय असं समजा. 'नैसर्गिक' आणि 'केमिकल फ्री' या पाट्यांबद्दल तर बोलायलाच नको. पाणीसुद्धा केमिकलच आहे.

गावात खरी अडचण माल नसण्याची नसते, गिऱ्हाईक विखुरलेलं असतं ही असते. एका घरासाठी कोणी वाफा लावत नाही. आठ-दहा घरं एकत्र येऊन पेरणीआधी सांगितलं, काही पैसे आगाऊ दिले, तर लावतात. जपानमध्ये 1970 च्या दशकात ग्राहक आणि शेतकऱ्यांनी अशीच थेट जोडणी उभी केली, तिला ते 'तेइकेइ' म्हणतात. अमेरिकेत 1986 मध्ये दोन शेतांनी हंगामातल्या पिकाचा वाटा आधी विकायला सुरुवात केली. शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांची शेतं तपासतात अशी सहभागी हमी पद्धतही आहे. काही देशांत तिला सरकारी मान्यता आहे, काहींत नाही.

जाता जाता, असं धान्य घेतलंत तर किडे होतील म्हणून तयार राहा. मी थोडं थोडं घट्ट पिशवीत भरून फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, चार दिवस ठेवते, मग डब्यात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर दाण्यांवर ओल धरते.

आणि आगाऊ पैसे देणार असाल तर गारपीट किंवा किडीने पीक गेल्यास काय करायचं, ते आधीच दोघांच्या सहीने लिहून ठेवा. आमच्या गटात पहिला वाद त्यावरूनच झाला होता.