फरशी बसवून झाली, आता परत कशी करणार?

कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात सासूबाई ऐंशीच्या, म्हणून गच्ची आणि बाथरूमसाठी त्यांनी कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका दुकानात फ्लेम फिनिशचा, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा, ग्रॅनाइट ठरवला. पाच महिन्यांपूर्वी माल उतरला, मिस्त्रीने बसवला. पहिल्या पावसात गच्चीवर पाय सरकला तेव्हा कळलं की आलेला माल लेदर फिनिशचा, म्हणजे मऊ पृष्ठभागाचा, आहे. दुकानदार म्हणतो, "मॅडम, दोन्ही मॅटच." माल परत देऊन पूर्ण पैसे मिळतील का, हा प्रश्न. दर पावसाळ्यात अशी दोन-चार पत्रं येतातच.

पूर्ण पैसे मिळणं कठीण आहे. दुकानदाराची बाजू खरी आहे म्हणून नव्हे, तर तुम्ही फरशी बसवलीत म्हणून.

माल विक्री कायदा, 1930 चं कलम 42 वाचा. विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत असं काही तुम्ही मालाबाबत केलंत, की तुम्ही तो माल स्वीकारला असं धरलं जातं. सिमेंटमध्ये बसवलेली, कापून नहाणीच्या जाळीभोवती जुळवलेली फरशी दुकानदार परत नेणार कशी? आणि एकदा माल स्वीकारला की कलम 13 नुसार सहसा तो नाकारता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. तपासायला वेळच मिळाला नाही असं म्हणून पाहता येईल, पण ते टिकेल असं मला वाटत नाही. फ्लेममध्ये ज्योतीच्या उष्णतेने वरचे कण तडकून उडतात, हाताला खरखर लागते. लेदर हिऱ्याच्या ब्रशने घासलेला असतो, मऊ आणि किंचित चमकणारा. टेम्पोतून उतरवताना एका फरशीवर तळहात फिरवला असता तरी फरक कळला असता. मिस्त्री सोमवारी येणार म्हणून घाई होती, असं तुम्ही लिहिता. मिस्त्रीला दोन दिवस थांबवता आलं असतं.

तेव्हा मागणी बदला. फ्लेम आणि लेदरच्या भावातला फरक मागून काही हाती लागणार नाही, तो किरकोळ असतो. कलम 59 खाली, झालेल्या इतर नुकसानीसह, फरशी पायाला धरेल अशी करून घेण्याचा खर्च मागा. बसवलेल्या 18 मिलिमीटरच्या फरशीवर ज्योत फिरवू देऊ नका, तडे जातील. पण पाट्याला लावतात तशी टाकी मारून किंवा मशीनने टोचून ती खडबडीत करता येते. दोन कारागिरांकडून या कामाचे लेखी दर घ्या. तुमच्या दाव्याचा आकडा तोच.

पुरावा मात्र लंगडा आहे. बिलावर फक्त "काळा ग्रॅनाइट, 18 एमएम" आणि चौरस फूट. फिनिशचा उल्लेख नाही. आणि निवडलेला नमुना तुम्ही दुकानातच ठेवून आलात! नमुन्यावरून विक्री झाली की कलम 17 नुसार माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे, पण जुळवायला तो तुकडा हवा ना? सुदैवाने दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोखाली "फ्लेम, गच्चीसाठी" असं लिहिलंय. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कापून उरलेले तुकडे मिस्त्रीने फेकले नसतील तर एक जपून ठेवा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या बिलावरच्या ओळीला घाबरू नका. तुमचं अडलंय ते तिच्यामुळे नाही.

आधी दुकानदाराला लेखी नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत पुरे. त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही इथे राहता, तेव्हा ती इथेच दाखल होते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आयोगाला माल बदलून देण्याचा आदेशही देता येतो, पण बसवलेल्या फरशीबाबत तो देतील यावर मी पैज लावणार नाही. तीन महिन्यांत निकाल, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, वर्षंही जातात. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि दुकानदाराच्या "बघतो, करून देतो"ने ती वाढते असं समजू नका.

आणि टाकीचं काम निकालासाठी अडवून ठेवू नका. आधी फोटो काढा, काम करून घ्या, पावती तक्रारीला जोडा. तोवर सासूबाईंना गच्चीवर एकटं जाऊ देऊ नका.