‘पुरले’, ‘दफन केले’ की ‘समाधिस्थ’?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेत इलिनॉय राज्यात सँगमन नावाची काउंटी आहे. तिथे मातीआड झालेल्या स्थानिक राजकारण्यांची यादी मी मराठीत करतो आहे. मूळ नोंदीत प्रत्येक नावापुढे ‘बरीड ॲट’ अमुक ‘सिमेट्री’ असे असते. ‘पुरले’ लिहिले तर आई म्हणाली, माणसाला असे म्हणतात का? ‘समाधिस्थ’ लिहिले तर बायको हसली. सिमेट्रीला स्मशान म्हणू की कबरस्तान? आणि काउंटीला जिल्हा चालेल का?”

आईंचे आणि बायकोचे, दोघींचेही बरोबर आहे. पण दोघींच्या बरोबर असण्याची कारणे वेगळी आहेत.

आधी ‘पुरणे’. मराठीत हंडा पुरतात, नाळ पुरतात, मेलेले जनावर पुरतात. तान्हे मूल गेले तर त्यालाही पुरतात, आणि तेव्हा हा शब्द किती जड होतो ते ज्याच्या घरात घडले त्यालाच ठाऊक. जाणत्या, वयस्कर माणसाबद्दल मात्र बहुतेक हिंदू घरांत तो उणा वाटतो. ख्रिस्ती मराठीत तसे नाही. तिथे ‘पुरणे’ साधा आणि आदरातही चालणारा शब्द आहे. म्हणजे शब्द चुकीचा नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा प्रश्न आहे. ‘गाडणे’ त्याहून वाईट. ‘गाडलेली मढी उकरणे’ या वाक्प्रचाराने त्याचा मान पुरता घालवला आहे. ‘मूठमाती देणे’ हा मुळात सुंदर शब्द, कारण त्यात प्रत्येकाने आपल्या हाताने टाकलेली माती आहे. पण ‘मागणीला मूठमाती’, ‘योजनेला मूठमाती’ असे इतके लिहिले गेले की आता चरित्राच्या नोंदीत तो वाचला तर आधी दुसराच अर्थ मनात येतो.

आमच्या बार्शीकडे फोन येतो तो असा: “अकराला माती आहे.” आपण जातो ते सरणाकडे, गोवरी ठेवायला, आणि घरी येऊन सांगतो, “मातीला गेलो होतो.” जाळले तरी माती, पुरले तरी माती. आमच्या शेजारचे लिंगायत आजोबा गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. त्यांना बसवूनच नेले, बसवूनच खाली ठेवले, अंगाला विभूती, वर बेलाची पाने. मी वडिलांना विचारले, “खड्डा केवढा खणलाय?” तर पाठीमागून एका म्हाताऱ्या बाईने मला हलकेच दटावले, “खड्डा नाही बाळा, समाधी म्हण.” त्या एका दुरुस्तीमुळे मला शब्दांचा नाद लागला असे म्हटले तरी चालेल.

म्हणून ‘समाधी’ या शब्दाबद्दल मला ममता आहे, आणि म्हणूनच तो या यादीत नको असे वाटते. ‘समाधिस्थ झाले’ म्हणजे स्वतःच्या इच्छेने, योगाने देह ठेवला. आळंदीला ज्ञानेश्वरांनी 1296 साली घेतली ती समाधी. तुमच्या यादीत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनही येतील, आणि ते गोळी लागून गेले. त्यांना ‘समाधिस्थ’ म्हणणे म्हणजे घडले ते पुसून दुसरेच लिहिणे. वास्तू या अर्थाने ‘समाधी’ हा शब्द मात्र आता फार पसरला आहे. रायगडावर महाराजांचे दहन झाले, तरी तिथल्या वास्तूला आपण समाधीच म्हणतो. राजघाटही समाधीच. पाबळला मस्तानीच्या जागेला कोणी कबर म्हणते, कोणी समाधी. अर्थात ‘लिंकनची समाधी’ असे कुणी प्रवासवर्णनात लिहिले तर मी लाल पेन उचलणार नाही. यादीची गोष्ट निराळी. तिथे लिंकनच्या खाली पुढच्याच ओळीत एखादा काउंटी क्लार्क, म्हणजे काउंटीचे दफ्तर सांभाळणारा अधिकारी, येतो. त्याला आपण समाधी देणार नाही, थडगे देऊ. मग एकाच मैदानात, एकाच रीतीने ठेवलेल्या दोन माणसांना दोन शब्द होतील, आणि वाचकाला वाटेल की दोघांचे काही वेगळे केले. मराठीत हा धोका नेहमीचा आहे: थोरांना समाधी, मुसलमानांना कबर, उरलेल्यांना थडगे. माणूस कोण होता हे शब्दाने सांगायचे नसून त्याचे काय केले ते सांगायचे आहे.

तेव्हा क्रियेला ‘दफन’. शब्द अरबी, पण मराठीत तो मुरला आहे आणि कुठल्याही एका धर्माचा राहिलेला नाही. वापरताना एक काळजी घ्यावी. ‘ते ओक रिज येथे दफन आहेत’ (ओक रिज ही सँगमनमधल्या स्प्रिंगफील्डची सिमेट्री, लिंकन तिथेच आहेत) ही हिंदीची रचना आहे. मराठीत दफन हे नाम, नपुंसकलिंगी. ‘त्यांचे दफन ओक रिज येथे झाले’ असे म्हणावे. अंत्यसंस्कार माणसा‘वर’ होतात, दफन माणसा‘चे’ होते. एवढे सांभाळले की वाक्य आपोआप सरळ बसते.

जागेला ‘दफनभूमी’. अरबी आणि संस्कृत यांची ही जोडी काहींना खटकते. मला खटकत नाही, कारण महापालिकांच्या पाट्यांवर ती वर्षानुवर्षे आहे आणि वाचणाऱ्याला एका क्षणात कळते. ‘स्मशान’ म्हटले की मराठी मनात धूर येतो. ‘लिंगायत स्मशानभूमी’ अशा पाट्या आहेत, त्यामुळे स्मशान म्हणजे फक्त जाळण्याची जागा असा नियम सांगता येणार नाही. पण अमेरिकेतली जागा न पाहिलेल्या वाचकाला ‘स्मशान’ शब्द चुकीचे चित्र दाखवील. ‘कबरस्तान’ अर्थाने बरोबर आहे, फक्त आपल्याकडे तो मुसलमान समाजाच्या जागेला इतका चिकटला आहे की इलिनॉयच्या टेकडीवर तो उपरा वाटतो.

इथे जरा इंग्रजीकडेही पाहायला हवे, कारण त्या भाषेतही दोन शब्द आहेत आणि त्यांत फरक आहे. ‘ग्रेव्हयार्ड’ हा घरगुती शब्द, आणि तो बहुधा चर्चच्या आवारातल्या कबरींना लागे. ‘सिमेट्री’ मूळ ग्रीक, अर्थ ‘झोपण्याची जागा’. गोव्याच्या कोकणीतला ‘सिमितेर’ पोर्तुगीजांकडून आला, तोही त्याच ग्रीक शब्दाचा वंशज. अमेरिकेत 1831 साली बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न उभे राहिले आणि तिथून गावाबाहेर, झाडीत, वळणावळणाच्या वाटा असलेल्या दफनभूमींची रीत पडली. चर्चचे आवार भरून गेले होते आणि रोगराईची भीती होती. स्प्रिंगफील्डचे ओक रिज याच रीतीतले. 1860 च्या मे महिन्यात त्याचे उद्घाटन झाले, भाषण जेम्स कॉन्कलिंग यांनी केले, आणि हे कॉन्कलिंग गावाचे माजी महापौर होते. तेव्हा अशा जागेला ‘चर्चचे कबरस्तान’ म्हणणे वस्तुस्थितीलाच सोडून होईल.

आता कबर आणि थडगे. हे दोन शब्द आपण अदलाबदल करून वापरतो, आणि बोलताना त्याने काही बिघडत नाही. पण फरक आहे: कबर जमिनीत असते, थडगे जमिनीवर. कबर म्हणजे देह जिथे आहे ती जागा, थडगे म्हणजे तिच्यावरचे बांधकाम. हा फरक मला पुस्तकात नाही, ओक रिजलाच नीट कळला. लिंकनच्या वास्तूबाहेर त्यांचे मोठे ब्राँझचे डोके आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे सगळे डोके काळपट आणि नाक तेवढे सोन्यासारखे झळकते. आत गेले की शेवटच्या दालनात तांबूस संगमरवराची एक प्रचंड शिळा दिसते. लोक तिच्यापुढे टोप्या काढून उभे राहतात. त्या शिळेत देह नाही. तो तिच्या मागच्या बाजूला, जमिनीखाली सुमारे 10 फूट, काँक्रीटमध्ये आहे. म्हणजे शिळा हे थडगे आणि खालची ती कबर. वर 117 फुटांचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे, त्याला यातले काहीच म्हणता येणार नाही, ते स्मारक.

देह इतका खोल का, ती हकीकत ‘दफन’ शब्दाची परीक्षा घेणारी आहे. गावातल्या पुढाऱ्यांना लिंकन गावाच्या मध्यावर हवे होते. त्यासाठी तिथे घाईने बांधकामही करून ठेवले होते. पत्नी मेरी लिंकन यांनी ओक रिजचाच आग्रह धरला. 4 मे 1865 रोजी शवपेटी तिथल्या टेकडीच्या पोटातल्या एका दगडी खोलीत ठेवली. अशा खोल्या उत्तरेकडच्या दफनभूमींत असत: हिवाळ्यात जमीन गोठली की खणता येत नाही, म्हणून वसंत येईपर्यंत शवपेट्या तिथे ठेवायच्या. आपल्याला गरज नव्हती म्हणून मराठीत याला शब्द नाही, आणि नवा पाडण्यापेक्षा ‘शवपेटी ठेवण्याची दगडी खोली’ असे उघड लिहावे. पुढे पेटी दुसऱ्या तात्पुरत्या खोलीत गेली, मग 1874 साली लोकार्पण झालेल्या वास्तूत. 7 नोव्हेंबर 1876 च्या रात्री खोट्या नोटांच्या टोळीने ती पळवण्याचा प्रयत्न केला. बदल्यात त्यांना तुरुंगातला आपला नोटा कोरणारा साथीदार आणि 2 लाख डॉलर हवे होते. बेत फसला, पण त्यानंतर पेटी बरीच वर्षे लपवूनच ठेवावी लागली आणि जागा पुन्हापुन्हा बदलत राहिली. शेवटी 1901 साली मुलगा रॉबर्ट याच्या सांगण्यावरून ती काँक्रीटमध्ये कायमची बसवली. तेव्हा ‘1865 साली दफन झाले’ असे लिहिले तर ते खरे नाही. 1865 साली देह ठेवला गेला. मूळ नोंदीत ‘बरीड’ऐवजी ‘एन्टूम्ड’ असे आले तर ‘कबरगृहात ठेवले’ म्हणावे. दहन झालेल्यांच्या बाबतीत ‘अस्थी ठेवल्या’ असे लिहावे, अस्थींचे ‘दफन’ कानाला विचित्र वाटते.

काउंटीबद्दल. ‘जिल्हा’ मला पटत नाही. इलिनॉयमध्ये 102 काउंट्या आहेत, महाराष्ट्रात 36 जिल्हे. सँगमनची लोकसंख्या 2 लाखांच्या आत, आपल्या मोठ्या तालुक्याहूनही कमी. आणि त्याच राज्यातल्या कुक काउंटीत, जिच्यात शिकागो आहे, 50 लाखांहून जास्त माणसे. एकच देशी शब्द दोघींना पुरा पडत नाही. शिवाय जिल्हा म्हटला की कलेक्टर आला, आणि तो वरून नेमलेला. काउंटीत शेरिफ, क्लार्क, खजिनदार, इतकेच काय अपमृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनरसुद्धा मते मागून निवडून येतो. ‘काउंटी’ असेच लिहावे, स्त्रीलिंगी. आणि तिच्या हद्दी स्थिर नसतात हे टिपेत सांगावे. लिंकन ज्या न्यू सेलमचे पोस्टमास्तर होते ते तेव्हा सँगमनमध्ये होते. 1839 साली मेनार्ड काउंटी वेगळी निघाली आणि न्यू सेलम तिच्यात गेले.

यावरूनच ‘राजकारणी’कडे येतो. आज हा शब्द मराठीत जवळजवळ दूषण झाला आहे, आणि निवडून आलेल्या क्लार्कला किंवा न्यायाधीशाला तो शोभतही नाही. ‘पुढारी’ जवळचा आहे, पण पद सांगत नाही. यादीच्या मथळ्यात ‘लोकप्रतिनिधी व पदाधिकारी’ हे जोडनाव घ्यावे आणि प्रत्येकापुढे खरे पद लिहावे. लिंकन इथे केवळ राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे, सँगमनचे आमदार म्हणूनही येतात: 1834 पासून सलग चार वेळा ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात होते, आणि राजधानी वँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणणाऱ्या सँगमनच्या नऊ उंचपुऱ्या सभासदांतले एक होते. शेजारी वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन आहेत, तेही गावाचे महापौर होऊन गेले. पहिले भागीदार जॉन टॉड स्टुअर्ट, पुढे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, सदस्य. गव्हर्नर आणि मग 30 वर्षे सिनेटर राहिलेले शेल्बी कलम. सगळे ओक रिजलाच. ओळी अशा दिसतील: ‘विल्यम हर्नडन, महापौर, स्प्रिंगफील्ड. दफन: ओक रिज दफनभूमी.’

राहिले दोन अवघड प्रकार. गावातली जुनी हचिन्सन दफनभूमी आता नाही, तिथे शाळा उभी आहे. लिंकनचा दुसरा मुलगा एडी 1850 साली, चार वर्षांचाही नसताना, तिथे पुरला होता (लहान मुलाला ‘पुरला’च म्हणतो आपण, आणि इथे मी तो बदलणार नाही), नंतर त्याला ओक रिजला आणले. अशांसाठी ‘पुन्हा दफन’ पुरे, ‘पुनर्दफन’ नको, तो शब्द जिभेवर अडतो. दुसरा प्रकार एडवर्ड बेकर यांचा. ते स्प्रिंगफील्डचेच, इथूनच काँग्रेसवर गेले, 1861 साली अमेरिकेच्या यादवी युद्धात बॉल्स ब्लफच्या लढाईत पडले, पण त्यांचे दफन झाले सॅन फ्रान्सिस्कोत. त्या शहराने पुढे आपल्या दफनभूमी हलवल्या, तेव्हा त्यांचा देहही तिथल्याच राष्ट्रीय दफनभूमीत नेला. त्यांना सँगमनच्या यादीत घ्यायचे असेल तर वेगळ्या मथळ्याखाली घ्या: ‘सँगमनचे लोकप्रतिनिधी, दफन अन्यत्र.’