एपसन पी८०० वर कॉटनच्या फाइन आर्ट पेपरवर प्रिंट काढले तर काळा राखेसारखा येतोय, सेटिंग नेमकी काय ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की भावाने दुबईहून वापरलेला एपसन पी८०० आणून दिला, चकचकीत फोटो पेपरवर प्रिंट मस्त येतात, पण हानेम्युले कंपनीच्या फोटो रॅग ३०८ या मॅट कॉटन कागदावर आजोबांचा फोटो काढला तर काळी टोपी राखाडी दिसते, चेहरा मळका आणि कडेला काळा डाग पडलाय. तीन शीट वाया गेले आणि एका शीटची किंमत बघता चौथा लावायला हात धजत नाहीये. अगदी समजू शकते. मी गेली काही वर्षं घरीच याच जातीच्या प्रिंटरवर कॉटन पेपरचे प्रिंट काढते, स्वतःचे आणि ओळखीच्यांचे, आणि माझ्या आजीच्या फोटोला पहिल्यांदा नेमकं हेच झालं होतं, नऊवारीचा काळा काठ चुलीतल्या राखेसारखा. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी काळ्याचं बघा, कारण तुमचं ऐंशी टक्के दुखणं तिथेच असणार. या प्रिंटरमध्ये काळ्या शाईच्या दोन वेगळ्या कार्ट्रिज असतात, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. चकचकीत, लस्टर, बॅरायटा असल्या कागदांना फोटो ब्लॅक लागते आणि फोटो रॅगसारख्या मॅट कॉटनला मॅट ब्लॅक. पी८०० मध्ये या दोघींची हेडपर्यंतची (म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागापर्यंतची) वाट एकच आहे, म्हणजे एका वेळी एकच चालू राहते (२०२० मध्ये आलेल्या पी७०० आणि पी९०० मध्ये दोघींना वेगळे नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रं, दिलेत, तिथे ही भानगड नाही). तुम्ही आधी चकचकीत कागदावर काढत होतात म्हणजे फोटो ब्लॅक चालू होती, आणि मीडिया टाइप (प्रिंट सेटिंगमधलं कागदाच्या प्रकाराचं नाव) तोच ठेवून फक्त कागद बदललात, बरोबर ना? फोटो ब्लॅक मॅट कोटिंगवर पडली की ती गडद होतच नाही, वर कितीही शाई ओता, राखाडीच.

प्रिंटरला कागद दिसत नाही हो. आपण काय लावलंय ते त्याला फक्त ड्रायव्हरमधल्या (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधल्या) मीडिया टाइपवरून कळतं, आणि कुठली काळी घ्यायची, शाई किती सोडायची, हेड कागदापासून किती वर ठेवायचं हे सगळं तो त्या एका नावावरून ठरवतो. म्हणून फोटो रॅग लावलात की मीडिया टाइपमध्ये मॅट किंवा फाइन आर्ट गटातलं नाव निवडायचं, मग काळी बदलायची, त्याला दोन-चार मिनिटं लागतात आणि थोडी शाई जाते. मॅटवरून परत फोटो ब्लॅकवर येताना जास्त जाते. त्यामुळे मी आठवडाभराचे मॅट प्रिंट साठवते आणि एकदम काढते, सकाळी मॅट संध्याकाळी ग्लॉसी असं करत बसले तर शाई नुसती वाया जाणाऱ्या शाईच्या टाकीत जाईल.

आता प्रोफाइल. आयसीसी प्रोफाइल म्हणजे या प्रिंटरवर, या शाईने, या कागदावर कुठला रंग कसा उमटतो त्याची मोजून केलेली फाइल. हानेम्युलेच्या साइटवर प्रिंटरचं मॉडेल आणि कागद निवडलात की फुकट डाउनलोड होते, कॅन्सनसारखे दुसरे कागदवालेही देतात. फाइलच्या नावात एमके दिसलं तर समजा ती मॅट ब्लॅकसाठी आहे. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल प्रोफाइल, मॅकवर लायब्ररीतल्या कलरसिंकच्या प्रोफाइल्स फोल्डरमध्ये टाकायची आणि फोटोशॉप बंद करून परत उघडायचं. आणि प्रोफाइल बनवताना त्यांनी कुठला मीडिया टाइप ठेवला होता ते सोबत लिहिलेलं असतं, तोच आणि तोच निवडायचा. लोक प्रोफाइल बरोबर टाकतात आणि मीडिया टाइप आपल्या मनाने ठेवतात, मग शाईचं प्रमाणच बदलतं आणि प्रोफाइल असून नसून सारखं. अजून एक, प्रिंटर वापरलेला आहे, त्यामुळे आत कंपनीची शाई आहे की कोणी दुसरी भरलीये हे भावाला नक्की विचारा. दुसरी शाई असेल तर तयार प्रोफाइल चालणार नाही, पट्टे छापून मोजून स्वतःचं बनवून घ्यावं लागेल.

चेहरा मळका येतोय त्याचं कारण मला वाटतं डबल कलर मॅनेजमेंट. फोटोशॉप एकदा रंग बदलून पाठवतो आणि ड्रायव्हर त्यावर परत आपलं शहाणपण चालवतो. प्रिंट विंडोमध्ये कलर हँडलिंगला फोटोशॉप मॅनेजेस कलर्स, खाली प्रिंटर प्रोफाइलमध्ये फोटो रॅगचं प्रोफाइल, आणि मग प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरचं मोड कस्टम करून ऑफ, नो कलर अ‍ॅडजस्टमेंट. हे विंडोजवर हाताने करावं लागतं आणि कधीकधी ड्रायव्हर नवीन टाकला की परत चालू होतं म्हणून मी दरवेळी उघडून बघते. मॅकवर हे आपोआप बंद होतं, पण तिथे वेगळीच अडचण, प्रिंटर अ‍ॅड करताना एअरप्रिंट (मॅकची स्वतःची सोय) निवडलं गेलं तर मीडिया टाइपची पूर्ण यादीच येत नाही, म्हणून एपसनचा स्वतःचा ड्रायव्हर टाकूनच अ‍ॅड करा. लाइटरूम वापरत असाल तर प्रिंट मोड्यूलमध्ये मॅनेज्ड बाय प्रिंटर काढून तिथे प्रोफाइल निवडायचं, बाकी तेच.

रेंडरिंग इंटेंट म्हणून एक खटका असतो, कागदाला न पेलणाऱ्या रंगांचं काय करायचं ते त्यावरून ठरतं. मी सहसा रिलेटिव्ह ठेवते आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनला टिक करते, आजोबांच्या फोटोला हेच ठेवा. पण जोतिबाच्या यात्रेतला गुलालाचा फोटो काढला तेव्हा रिलेटिव्हमध्ये गुलालाचा सगळा ढग एकच सपाट गुलाबी झाला, कारण इतका भडक रंग मॅट कागदाला पेलतच नाही, जो पेलत नाही तो सगळा काठावर आणून ठेवला. परसेप्च्युअल केलं तर रंग जरा उतरला पण ढगातले पदर दिसायला लागले, मागच्या माणसाचा हातसुद्धा. झेंडूची फुलं, गुलाल, पैठणीचा राणी कलर असलं काही असेल तर दोन्हीचे छोटे तुकडे काढून बघा.

ड्रायव्हरमधलं बाकीचं पटकन सांगते. क्वालिटी १४४० पुरेशी आहे, कॉटन कागदावर २८८० चा फरक मला भिंगाने पण धड दिसला नाही. हाय स्पीड बंद. फाइलचं रेझोल्यूशन ३६० पीपीआय (इंचाला पिक्सेल) ठेवा, नसेल तर ३०० पण चालतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो हा मोड वापरून बघाच, त्यात तो मुख्यतः काळी आणि तिच्या दोन फिक्या बहिणी वापरतो, रंगांच्या शाया अगदी नावाला, त्यामुळे राखाडीत हिरवट-जांभळट झाक येत नाही. फक्त त्यावेळी फोटोशॉपमध्ये प्रिंटर मॅनेजेस कलर्स करायचं, वर सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट. आजोबांचा फोटो जुना काळापांढराच असेल तर मी हाच मार्ग घेईन.

आता कडेच्या डागाकडे येऊ, तो शाईचा नाही, कागदाचा आहे. फोटो रॅग ३०८ साधारण ०.४८ मिलिमीटर जाड आहे आणि कॉटन असल्यामुळे हवेतली ओल पितो, मग कडा वर उचलतात आणि हेड जाताजाता त्या कडेला घासतं. तुम्ही नाशिकला आहात, आणि आत्ता पावसाळा चाललाय, म्हणजे डब्याबाहेर दोन तास ठेवलेला कागद वाकणारच. मी शीट छापायच्या वेळीच पिशवीतून काढते, वाकलेला असेल तर पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मध्ये साधा कागद घालून उलट्या बाजूने अर्धा मिनिट गुंडाळते, मग टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतायत का ते खाली वाकून बघते. ड्रायव्हरमध्ये पेपर कॉन्फिगमध्ये जाडी ५ टाका (एकक ०.१ मिलिमीटर आहे) आणि तरीही घासत असेल तर प्लॅटन गॅप, म्हणजे हेड आणि कागदामधलं अंतर, एक पायरी वाढवून वाइड. उगाच सगळ्यात मोठा ठेवू नका, हेड जितकं वर तितकी बारीक रेघ फिसकटते. आणि चारही बाजूंना निदान इंचभर पांढरं सोडा, कडेला घासलं तरी फोटो वाचतो, फ्रेमवाल्याला पकडायला जागा मिळते आणि खाली नाव-तारीख पेन्सिलीने लिहिता येते.

जाड शीट पुढच्या ट्रेमधून घालायचं, मागच्या फीडरमधून नको, तिथून वाकून जातं. छापायची बाजू वर. पुढून घालताना कागद आधी आत ओढला जातो आणि प्रिंटरच्या मागून डोकावतो, म्हणून प्रिंटर भिंतीला चिकटवून ठेवू नका. छापायची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, जी बाजू बोटाला चिकटते ती कोटिंगची.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती म्हणून आवर्जून सांगते. कॉटन कागदावर बारीक धूळ, कापसाचे कण असतात. आजीचा फोटो एकदाचा छान आला, काळा काठ अगदी गडद, दोन दिवसांनी फ्रेम करायला घेतला तर केसांच्या अंबाड्यात टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. शाई कणावर बसली होती, कण गळून पडला, खाली कोरा कागद. तेव्हापासून प्रत्येक शीट छापण्याआधी उभं धरून मऊ रुंद ब्रशने वरून खाली झटकते, प्रिंटरपासून लांब, नाहीतर ती धूळ आत जाते. ब्रश फक्त याच कामाला, रंगाला लावलेला नको.

स्क्रीनपेक्षा प्रिंट काळपट येतो हीही तक्रार आहे तुमची, तर सेटिंग सगळी बरोबर केल्यावरही थोडा येणारच. लॅपटॉप फुल ब्राइटनेसवर असतो. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजायचं यंत्र) कोणाकडून मिळाला तर स्क्रीनचा उजेड ८० ते १०० निट्सवर आणा, नाही मिळाला तर सोप्पं, कोरा फोटो रॅग स्क्रीनशेजारी खिडकीच्या उजेडात धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्याइतकं दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जा. मग फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफला (प्रिंट कागदावर कसा दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) फोटो रॅगचं प्रोफाइल लावून कंट्रोल वाय दाबा, सिम्युलेट पेपर कलर चालू केलंत की सगळं एकदम फिकं पडेल, पहिल्यांदा धस्स होतं. पण मॅट कागदाचा काळा खरंच तेवढाच असतो, बॅरायटासारखा खोल नाही. डोळ्यांना दोन मिनिटं सवय होऊ द्या आणि मग कर्व्हने सावल्या थोड्या उचला, विशेषतः टोपी आणि कोटाच्या मधली जागा. प्रिंट बघतानाही ट्यूबलाइटखाली निकाल देऊ नका, दिवसा खिडकीपाशी न्या.

कोणी सांगेल की एवढा महाग कागद कशाला, आपली पुण्याची हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे की शिवाजीनगरला, १९४० पासूनची, कॉटनचा कागद तिथेही मिळतो. मिळतो आणि फार देखणा असतो, मी पत्रं त्यावरच लिहिते. पण साध्या हातकागदावर इंकजेटचं कोटिंग नसतं, शाई धाग्यात पसरते, डोळ्याची पापणी रेघेऐवजी डाग होते, आणि त्याच्या फाटक्या कडा हेडला अडकू शकतात. या प्रिंटरमध्ये तो घालू नका.

प्रिंटर बंद करताना त्याच्या बटणानेच करा, भिंतीवरचं बटण नाही, कारण बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन झाकलं जातं आणि शाई वाळत नाही. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते म्हणून मी गुरुवारी छापतच नाही. आठवड्यातून एखादा रंगीत ए४ काढत राहा, आणि फाइन आर्ट शीट लावण्याआधी दरवेळी साध्या कागदावर नोझल चेक (सगळ्या छिद्रांतून शाई येतेय का ते दाखवणाऱ्या रेघा) काढा, एक जरी रेघ तुटकी असेल तर आधी ती सोडवा.

चौथं शीट अख्खं लावू नका. ते कापून चार तुकडे करा. पहिल्या तुकड्यावर शून्यापासून (पूर्ण काळा) २५५ पर्यंत (पूर्ण पांढरा) राखाडी चौकोनांची पट्टी आणि शेजारी आजोबांचा फक्त चेहरा आणि टोपी एवढंच काढा. अर्धा तास वाळू द्या, ओला असताना रंग वेगळा दिसतो. माझ्याकडे शून्य ते दहा-बारापर्यंतचे चौकोन एकच काळे दिसतात आणि तिथून पुढे वेगळे होत जातात, तुमचे पंचवीस-तीसपर्यंत एकच दिसत असतील तर मीडिया टाइप किंवा प्रोफाइल अजून चुकतंय. तो तुकडा दिवसा खिडकीपाशी ठेवून फोटो काढा आणि नोझल चेकच्या फोटोसोबत इथे खाली टाका, बघून सांगते.