टाचेतला काटा

प्रश्न : शेतात बाभळीचा काटा टाचेत मोडला. तिसऱ्या दिवशी टाच लाल होऊन ठणकायला लागली, पू धरला. नातू विचारतो, पू म्हणजे जंतूच ना? आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीच कॅन्सरलाही मारतात का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नातवाला सांगा, पुवात जंतू असतातच, पण त्याहून जास्त असतात त्या आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी. तीस वर्षं मी लॅबमध्ये पुवाच्या काचपट्ट्या पाहिल्या. रंग चढवला की न्यूट्रोफिल, म्हणजे याच पांढऱ्या पेशी, लगेच ओळखू येतात : आत जांभळं केंद्रक, तेही एकसंध नाही, तीनचार मणी दोऱ्यात ओवल्यासारखं. काहींच्या पोटात गिळलेले जंतूही दिसतात. जंतू मारायला या पेशी जे एन्झाइम वापरतात, त्यातलं एक मुळातच हिरवं असतं. पुवाला हिरवट झाक येते ती बऱ्याचदा त्याचीच.

काटा घुसला की कातडीखाली ठाण मांडून बसलेल्या पेशी आधी हाकाटी करतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून टाच लाल आणि गरम. वाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. त्याच फटींतून अंग चोरून न्यूट्रोफिल बाहेर पडतात. काट्यावर कोणता जंतू होता याची चौकशी करत बसायला त्यांना वेळ नसतो.

गंमत म्हणजे हे सगळं उमगलं तेही काट्यामुळेच. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा! १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत विभागून मिळालं.

कॅन्सरचं काम मात्र मुख्यतः दुसऱ्यांकडे. नॅचरल किलर पेशी येताजाता प्रत्येक पेशीचं ओळखपत्र तपासतात. विषाणू शिरलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी बऱ्याचदा हे ओळखपत्र दडवतात, आणि नेमक्या तिथेच पकडल्या जातात. किलर पेशी तिच्या आवरणाला भोकं पाडून आत अशी एन्झाइम सोडते, की ती पेशी स्वतःच स्वतःला संपवते. पण काही गाठी या पहाऱ्यालाही चकवतात, तेव्हा काढे पिऊन निर्धास्त राहू नका.

आता तुमच्या टाचेचं. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर पू पुन्हा पुन्हा होणार, कारण लाकूड या पेशींना पचत नाही. घरी सुईने कोरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. रक्तातली साखरही तपासा. ती वाढलेली असली की न्यूट्रोफिल सुस्तावतात. आणि मधुमेह असेल तर जवसाचं गरम पोटीस बांधू नका. पाय बधिर असला तर भाजलेलं कळतसुद्धा नाही.